माझं पहिलं वाक्य
काल घसा बसला म्हणून वहिनीने ज्येष्ठमधाची काडी हातात दिली आणि त्या वासासरशी माझे तळवे घामेजले, शाळेत असताना घामेजले होते तसेच. डोंबिवलीहून आम्ही दोघी मैत्रिणी वादविवाद स्पर्धेसाठी टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात गेलो होतो. एकाच शाळेतल्या एकीने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसरीने विरुद्ध, आणि करंडक मात्र दोघींच्या गुणांवर मिळायचा. विषय होता, शाळेत मोबाईल आणू द्यावा. ती अनुकूल, मी प्रतिकूल. आमच्या आधीची मुलगी अडकली, परीक्षकांनी घंटा वाजवली, ती रडतच खाली उतरली, आणि माझं पाठ केलेलं पहिलं वाक्यच डोक्यातून गेलं. "अगं, मला काहीच आठवत नाहीये," मी कुजबुजले. "रोज माझ्याशी भांडताना बरं आठवतं!" असं म्हणून तिने ज्येष्ठमधाची काडी माझ्या मुठीत कोंबली आणि ती व्यासपीठावर गेली. छान बोलली. शेवटी माझ्याकडे बघत म्हणाली, "माझी प्रतिस्पर्धी मैत्रीण आता विचारेल, वर्गात मोबाईल आला तर शेजारच्या बाकावरचीशी बोलणार कोण?" ते माझंच विसरलेलं पहिलं वाक्य होतं. माइकसमोर जाऊन मी म्हणाले, "हो, विचारणारच!" सभागृह हसलं आणि पुढचं सगळं आठवत गेलं. काल तिच्या शोकसभेत सगळ्यांत आधी मलाच बोलायला सांगितलं. वहिनीने दिलेली काडी मुठीत धरून मी तिच्या फोटोशेजारी उभी राहिले. माझं पहिलं वाक्य सांगायला या वेळी माझ्या आधी कुणी बोललेलं नव्हतं.