सिस्टर बाकावरून उठत नाहीत

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. बावीस वर्षं लष्करी इस्पितळात नोकरी; त्यातली शेवटची दोन आघाडीवरच्या तंबूत, ऐन लढाईत. निवृत्तीनंतर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. भावजय शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, बेतायचं टेबल, खिळ्याला अडकवलेली मापांची वही. सिस्टर तिला काजं-बटणं करून द्यायच्या. "माणसं शिवलेला हात आहे हा," भावजय गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची, "कापडाचं काय घेऊन बसलात!"

एका दुपारी कोटाचं जाडजूड कापड आलं. भावजयीने मोठी कात्री चालवली. कर्र, कर्र. सिस्टर ताडकन उठल्या, तिच्या हातातली कात्री त्यांनी हिसकावून घेतली आणि ओरडल्या, "बाही आधी! बाही कापा, रक्त कुठून येतंय ते दिसू दे!" गिऱ्हाईक कापड टाकून पळालं. भानावर आल्या तेव्हा सिस्टर टेबलाखाली होत्या, आणि शेजारी फरशीवर भावजय मांडी घालून बसली होती.

"कोणाची बाही होती, ताई?" तिने हळूच विचारलं.

सिस्टर टेबलाखालून निघाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

भाऊ म्हणाला, "घरातलं घरात राहू दे. लोक वेडी ठरवतील तुला." डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप आली, पण तिचं बोट धरून स्वप्नंही आली.

भावजय हात बांधून बसणाऱ्यातली नव्हती. चार ठिकाणी विचारून तिने माहिती काढली. माजी सैनिकांच्या कार्यालयात दर गुरुवारी सकाळी एक गट बसायचा. लढाईच्या आठवणींनी ज्यांचा पिच्छा सोडला नव्हता अशी माणसं, आणि त्यांच्यासोबत एक समुपदेशक बाई. नणंद-भावजय दोघी तिथे गेल्या.

कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "परिचारिका? हा गट लढलेल्यांसाठी आहे. तुम्ही बंदूक चालवलीत का?"

"नाही. लढलेल्यांच्या अंगातून गोळ्या निघायच्या, तेव्हा तबक मी धरायचे."

"नियमात बसत नाही, बाई."

"मग मी बाकावर बसते," सिस्टर म्हणाल्या आणि बोळातल्या बाकावर ठाण मांडून बसल्या. गट सुटेपर्यंत हलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारीही तेच. घरी भावाने कपाळावर हात मारला. "ताई, कशाला शोभा करून घेतेस?"

"बावीस वर्षं हुकूम ऐकले," त्या म्हणाल्या. "हा नाही ऐकणार."

तिसऱ्या गुरुवारी एक पाय लाकडी असलेले गृहस्थ उशिरा आले. ते कुलपं दुरुस्त करायचे. बाकापाशी थबकून त्यांनी विचारलं, "तुम्ही दर गुरुवारी बाहेरच का?"

सिस्टरांनी कारण सांगितलं. कुलूपवाल्यांचा चेहरा लाल झाला. ते तरातरा आत गेले. पाच मिनिटांत दार सताड उघडलं आणि एकेक करून नऊ पुरुष आपापल्या खुर्च्या उचलून बोळात आले. शेवटी समुपदेशक बाई, हातात स्टूल.

कारकून धावत आला. "अहो, ही जायची-यायची वाट आहे!"

"मग ह्यांना आत घ्या," कुलूपवाले म्हणाले. "तोवर आमचं बस्तान इथेच."

आणि त्या बोळात, झाडूवाली बाजूने वाट काढत असताना, सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. एका विशीतल्या जवानाबद्दल. "तो म्हणत होता, सदरा कापू नका, आईने आतून खिसा शिवलाय. मी कापला. बाही, खिसा, सगळंच. तरी तो गेला. मला अजून वाटतं, निदान तेवढा खिसा तरी ठेवायला हवा होता."

मग कुलूपवाले म्हणाले, "मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या अंगावर सदरा नव्हता. किती शिव्या घातल्या मी तो कापणाऱ्याला! नसता कापला, तर आज शिव्या घालायला उरलो नसतो."

सिस्टर ढसाढसा रडल्या. लाज वाटली नाही.

पंधरा दिवसांत कारकुनाला नियमांत 'सेवा बजावलेले सर्व' असे शब्द सापडले. म्हणे आधीपासूनच होते. सिस्टर आतल्या खोलीत बसू लागल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. भावजय जाड कापड बेतण्याआधी सांगते. कधी सिस्टर थांबतात, कधी चपला घालून फिरायला जातात.

मग त्यांनी तंबूतल्या जुन्या सोबतिणींसाठी वर्तमानपत्रात सूचना छापून घेतली: गुरुवारी गटाला या, आधी फोन करा. भाऊ चरकला. "आपला फोन नंबर? आपल्या घराचा?"

"मग कोणाचा देऊ? मी चोरी केलेली नाही."

पहिल्या महिन्यात चौघी आल्या. एक रुग्णवाहिका चालवायची. तिलाही कोणीतरी सांगितलं होतं की तू कुठे लढलीस.

एकदा सिस्टर आंघोळीला गेल्या असताना फोन वाजला. भावाने उचलला. पलीकडची बाई इतक्या हळू बोलत होती, की त्याने पंखा बंद केला.

"हो, सिस्टरांचंच घर," तो म्हणाला. "मी त्यांचा भाऊ. ठेवू नका हं फोन. सावकाश सांगा, मी ऐकतोय."