शिमग्याच्या संध्याकाळची साक्ष

ज्या दिवशी माझा देवीवरचा विश्वास उडाला होता, त्याच दिवसाची ही गोष्ट आहे. आजही लिहिताना आनंदच होतो!

मी करंज्याच्या कोळ्याची पोर. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी मान वर करूनच सांगते. पनवेलला एका शिपिंग ऑफिसात नोकरी लागली तेव्हा बाबांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. तिथल्याच एका सहकाऱ्याला मी लग्नाला नकार दिला आणि माझ्या नावानं खोटी अकाउंटं निघायला लागली. फोटो माझे, खाली मजकूर घाणेरडा. एक बंद केलं की दुसरं चालू. नातेवाईक कुजबुजायला लागले. मी पोलिसांत गेले, त्याला अटक झाली, जामीनही झाला आणि पनवेलच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या.

आई म्हणायची, "बाय, एकवीरा आयवर सोड."

मी फटकन बोलायचे, "तुझ्या आयला इंटरनेट कलतंय काय गो?"

त्या दिवशी आरोपीचा मित्र साक्षीला उभा राहणार होता. सगळ्यात वाईट पोस्ट होळीच्या संध्याकाळची होती. सिमकार्ड भलत्याच्याच नावावर. त्या वेळी आरोपी या मित्रासोबत दुसरीकडे होता, असं तो सांगणार, हे आम्हांला कळलं होतं. ती साक्ष टिकली तर तो सुटणार, आणि खोटारडी ठरून मी नोकरी सोडून घरी बसणार. कोर्टात मित्राची साक्ष सुरू झाली तसा आरोपी माझ्याकडे बघून हसला. मरू दे सगळं, म्हणून मी उठले.

शेजारी एक अनोळखी मावशी बसली होती. नाकात नथ, डोक्यात अबोलीचा गजरा. तिनं माझं मनगट धरलं.

"बस गो बाय. तू कशाला उठतंस? उठंल त्यो, ज्यानं पाप केलंय!"

काय झालं कोण जाणे, मी मुकाट्यानं बसले. आणि तेवढ्यात लाईट गेली. डोक्यावरचा खडखडणारा पंखा थांबला. साक्षीदाराचा आवाज पहिल्यांदा स्पष्ट कानावर पडला, "होळीची सुट्टी होती, म्हणून करंज्याहून एका कोळ्याच्या होडीतून आम्ही मासेमारीला गेलो. रात्रीपर्यंत खोल समुद्रात होतो. मोबाईलला रेंजच नव्हती."

अंगावर काटा आला माझ्या! शिमग्याला? आमच्याकडची होडी? अहो, शिमग्याला आमच्या सगळ्या होड्या बंदरात परत येतात. त्यांना पताका लावतात, त्यांची पूजा होते, आणि होडी चालवणाऱ्या तांडेलापासून खलाशापर्यंत सगळे होळीभोवती नाचतात. त्या दिवशी कुणी दर्यावर जात नाही. गावात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सुट्टी म्हणजे सहल, असं समजणारा शहरातलाच माणूस ही थाप मारू शकतो.

मी वाकून सरकारी वकिलांच्या कानात सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"तांडेल कोण होता?" त्यांनी साक्षीदाराला विचारलं.

"नाव आठवत नाही."

"बरं. मग बंदरात पताका कुठल्या रंगाच्या होत्या?"

"कसल्या पताका?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साक्षीदार आरोपीकडे बघायला लागला. आरोपी खाली बघत होता. पुढच्या तारखेला बाबा आणि आमच्या गावचे दोन तांडेल येऊन साक्ष देऊन गेले.

त्याला शिक्षा झाली. आता वर अपील केलंय म्हणे. करू दे! मला झोप लागते.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मी मावशीला शोधलं. आवारात, चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर. ती कुणाच्या कामासाठी आली होती, कुणालाच माहीत नव्हतं. लाईट काय, पनवेलला जातेच. मी वाद घालत नाही.

एवढंच कळलं, की सोडणं म्हणजे पळणं नव्हे. आपण आपल्या जागी बसायचं, आपल्याला ठाऊक आहे ते बोलायचं, आणि निकाल तिच्या ओटीत घालायचा. निकालानंतर आईसोबत एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर चढले. गाभाऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा मागायचं काहीच सुचेना. नुसती रडत हसत उभी होते. मागून आई ढकलत म्हणाली, "सरक गो पुढं, बाकीच्यांना पन भेटू दे तिला."