मातीला दिलेला घोट

कुंडीतल्या मातीनं पाणी शोषलं की मला हेलन आठवते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. आमचा बौद्धवाडा बघायला आलेली ही काळी अमेरिकन पाहुणी. आईनं टँकरचं पाणी पेल्यात दिलं, तर तिनं पहिला घोट अंगणात ओतला.

“अगं बाई, पाणी सांडायली की ही!” आई म्हणाली.

“गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलेल्या माझ्या पूर्वजांसाठी,” हेलन म्हणाली. मी आईला मराठीत सांगितलं.

“कोन्त्या गावचे व्हते ते?”

“ठाऊक नाही. अख्खी आफ्रिका माझंच गाव.”

माझा जळफळाट झाला. मला खापरपणज्यापर्यंतची नावं पाठ होती, गाव समोर होतं. पण त्या गावच्या विहिरीत आम्हाला घागर बुडवू देत नव्हते.

आईनं हेलनचा पेला पुन्हा भरला. मी माझं पाणी घटाघटा प्याले. त्या मातीला थेंबही दिला नाही.