टीव्हीच्या पाठीवर ठेवलेला हात

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीवर. १९९९ च्या मार्चमध्ये, पाचवीच्या बोर्डाच्या (मध्य प्रदेशात तेव्हा पाचवीलाही बोर्ड असायचं) गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. वडील ऑफिसातून आले आणि चपला काढायच्या आधी त्यांनी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. पाठ गरम होती. मुलीला ओढत अंगणात आणलं आणि सगळ्या गल्लीसमोर दोन थोबाडीत दिल्या. "मी नाही पाह्यला," एवढंच ती म्हणत राहिली.

ही हात ठेवायची अक्कल त्यांना दिली कोणी? आम्ही दिली. आमच्या बालाघाटात तेव्हा घरोघरी केबल शिरली होती आणि आम्ही कॉलेजातली तीनचार पोरं पालकांना शहाणं करायला निघालो होतो. रविवारी शाळेच्या एका खोलीत त्यांचा वर्ग घ्यायचा, जाताना हातात पत्रक द्यायचं. पत्रक हिंदीत, कारण मराठी घरांतही वाचायला हिंदीच लागायची. त्यातला चौथा मुद्दा माझा: घरी आल्यावर टीव्ही गरम आहे का, ते तपासा. पहिला मुद्दा होता, मुलांसमोर आधी स्वतःचा टीव्ही कमी करा. तो एकाच्याही लक्षात राहिला नाही. बापांना पोलिसगिरी तेवढी झटकन समजते.

पुढच्या रविवारी त्या मुलीचे वडील, आमचे काकाजी, वर्गात उभे राहून आपला पराक्रम सांगू लागले. बाकीचे बाप माना डोलवत होते. रोज जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसणारे हेच ते लोक. मागच्या बाकांवर बायका होत्या. त्यांच्यातून मुलीची आई उठली.

"मीच पाहत होती टीव्ही. पोरीनं बटनले हातही नाही लावला."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?" काकाजींनी विचारलं.

"सांगितलं असतं तं तो हात माह्यावर पडला असता."

 मी म्हणालो, काकाजी, चौथा मुद्दा आमची चूक होती, तो खोडून टाका. पण घरी जाऊन मुलीची माफी मागा, अंगणात मागा. काकाजी हसले.

"आता लेकराच्या पाया पडू का मी?"

बाकीचे बापही हसले आणि विषय संपला. मुलांना वळण लावायला शिकायला आले होते म्हणे.

मुलगी पास झाली. पण त्यानंतर बापानं टीव्ही पाहिलास का विचारलं, की ती सरळ "हौ" म्हणायची, पाहिला असो की नसो. मला हे तिच्या आईनंच सांगितलं. खरं बोलून मार खाण्यापेक्षा "हौ" म्हटलं की लवकर आटोपतं, एवढं गणित त्या पोरीला पक्कं आलं होतं.

तुम्हीही कधी ऐकून न घेता हात उगारला असेल, तर आज जेवायला बसण्याआधी त्या लेकराला समोर घ्या आणि "माझं चुकलं" म्हणा. चारचौघांत मारलं असेल तर चारचौघांत म्हणा.