लाइव्हवरचा साफा

पुतण्याची वरात निघायची होती आणि मी टोपी बाजारात एका साफेवाल्यासमोर मान ताठ करून बसलो होतो. हात माझ्या डोक्यावर, नजर समोरच्या मोबाईलवर, असं त्याचं बांधणं. लाइव्ह चालू होतं. शेवटचा पेच खोचून झाला, मी उठणार तोच त्याने सगळा साफा सोडला.

"अहो, हे काय?"

"काका, पब्लिक म्हणतेय, फिर से दिखाओ."

घरून फोनवर फोन येत होते. मी भडकलो, तर त्याने लाइव्हचा आवाज बंद केला आणि तो माझ्यापेक्षा जास्त वैतागला. "आधी फोटो टाकले की भागायचं. मग रील आली, तर दुकानात नाचलो. आता लाइव्ह नाही केलं तर आम्ही कुणाला दिसतच नाही. साफा वडिलांकडून एकदाच शिकलो, हे रोज नवीन शिकतोय!"

"पण बघणाऱ्यांतलं घेतं कोण?"

"कोण घेणार? सगळे साफेवालेच आहेत. मी पण त्यांचं बघतो."

मग आवाज चालू करून तो मोबाईलकडे बघून गोड हसला आणि पहिल्यापासून बांधू लागला.

वरात मला चौकात गाठावी लागली. साफा झकास होता. पण दुकानात गिऱ्हाईक मी एकटाच, आणि माझ्याकडे बघून तो एकदाही हसला नव्हता.