रुसव्याचा धोंडा

एस्थर डॉड्सनं सत्तरीत दुसरं लगीन ठरवलं तेव्हा गाव हसलं. मेजवानी ऑटर हॉटेलात देणार म्हणाली, तेव्हा गावाचं हसू आटलं. नवरदेव राल्फ मिलबर्न, जन्मभर कोकेट नदीत जाळं ओढलेला गडी, आता कमरेतून गेलेला. विधवेनं विधुराशी लगीन लावावं, चर्चच्या हॉलात चहा-सँडविच खावं आणि गुमान घरी जावं, एवढंच लोकांना पचत होतं. नदीकाठच्या त्या जुन्या दगडी हॉटेलातली जेवणावळ म्हणजे जमीनदारांच्या पोरींचा थाट.

त्याच हॉटेलच्या मोरीत एस्थरची हयात गेली होती. सामन माशांची पोटं फाडायची, कोंबड्या सोलायच्या, कढया घासायच्या. नोकरांचं दार मागं, कोळशाच्या कोठीला लागून. पुढच्या दारात रुसव्याचा धोंडा. गुडघ्याच्या जरा खाली येणारा, नदीतनं काढलेला काळा दगड. त्या मुलखात नवरी मेजवानीला येते ती धोंड्यावरून उडी मारून. माहेरचे दोन पुरुष तिचे दंड धरतात. पार झाली तर तिचे रुसवे बाहेर राहिले. अडखळली तर नवऱ्यानं जन्मभर तिचं फुगलेलं तोंड बघायचं. उडी झाली की उठणारा गलका एस्थरनं मोरीत बसून ऐकला होता. बघायला कधी मिळाली नव्हती. तिचं पहिलं लगीन मेंढ्या विण्याच्या दिवसांत लागलं आणि कोठारातच उरकलं.

तिचा लेक कीथ मेंढरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. लग्नाच्या आधी येऊन तो आईच्या स्वयंपाकघरात तासभर बडबडला. बापाचं नाव घालवलंस म्हणाला. सत्तरीची बाई शेळीसारखी उडी मारणार, पडली की बाजारात आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, म्हणाला. हॉलात चहा देणार असशील तर येतो; हॉटेलात दंड धरायला येणार नाही.

एस्थर बटाटे सोलत होती. "नको धरूस. तू रुसलास म्हणून माझं पाय रुसत न्हाईत."

लग्नाच्या दिवशी चर्चमधून मंडळी हॉटेलपाशी आली. राल्फला आधीच आत नेऊन उंबऱ्यापलीकडे खुर्चीत बसवला होता. एस्थरचा उजवा दंड धाकट्या भावानं, विल्फ्रेडनं धरला. डावीकडची जागा लेकाची. ती रिकामी. मंडळी आपापल्या बुटांकडे बघू लागली.

मॅनेजर माणूस भला. तिची काठी बघून तो हळूच म्हणाला की मागच्या दारानं धोंडा लागत नाही, कुणाला कळणारही नाही.

"त्या दारानं मी मेलेल्या कोंबड्या आत नेल्या, बाबा," एस्थर म्हणाली. "आज मी जिती हाय. पुढनंच जाणार."

तेवढ्यात तिला नदीवरच्या पुलावर कीथ दिसला. मयताला घालायचा काळा सूट, हाताची घडी. आई पडलेली बघायला आला होता की सावरायला, त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. एस्थरनं त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि झगा मुठीत धरून गुडघ्यापर्यंत वर घेतला. तसा तो लगबगीनं पूल उतरला, गर्दीतनं वाट काढत तिच्या डावीकडे आला आणि हात पुढं केला.

"आई, धरतो."

"उशीर केलास. ही काठी धर." मग भावाकडे वळून म्हणाली, "विल्फ, सोड तूबी."

विल्फ्रेडनं सोडलं. तिनं दोन पावलं मागं घेतली आणि घेतली उडी. टाच धोंड्याला घासली, टोपी उडून गवतात पडली, गुडघा कडकन वाजला तो सगळ्यांनी ऐकला. पण पाय दोन्ही पलीकडे टेकले, आणि ती उभीच राहिली. गलका झाला. या बाजूनं तो कसा ऐकू येतो ते तिला आज कळलं.

राल्फनं खुर्चीतनं वाकून तिचं तोंड निरखलं. "फुगलेलं दिसत न्हाई," म्हणाला.

"जेवाण गार झालं तर फुगंल."

तिनं राल्फचा हात खांद्यावर घेतला, त्याला उठवलं आणि दोघं आत निघाली. कीथ काठी घेऊन दाराबाहेर तसाच उभा होता. एस्थर मागं न बघता बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"कीथ, धोंड्यावरनं ये. घरात सगळ्यात मोठा रुसवा तुझाच हाय."

लोक हसले. ती थांबली नाही. मागं बुटांचे दोन दणके ऐकू आले, पाठोपाठ काठी पडल्याचा आवाज आणि कीथची एक शिवी. एस्थरनं खुर्ची ओढली आणि सूप वाढायला सांगितलं.