धनुबाईचा पदर

तापीकाठी ऊस उंच झाला की वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेवर माणूस श्वाससुद्धा हळू घेतो. धनुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच वाटेने पपईच्या वावराकडे जाई. पण उसात बिबट्या दिसल्याची बोलवा सारंगखेड्यापर्यंत गेली, तेव्हापासून ती एकटी जात नसे. सोबत काबऱ्या असे, ठिपक्यांचा, रुंद छातीचा कुत्रा. दोरी तिच्या हातात, आणि तिचा जीव त्या दोरीत.

माणसांशी काबऱ्या गायीसारखा गरीब. दुसरं कुत्रं दिसलं की मात्र त्याच्या मानेवरचे केस उभे राहत आणि तो ओळखीचा राहत नसे. पोळ्यानंतर त्याने गुलाबसिंगच्या कुत्र्याचा, लाल्याचा, कान फाडला. गुलाबसिंग नात्याने पुतण्या, आणि त्याची वस्ती ऐन वाटेत. तो ओरडला नाही, त्याचीच धनुबाईला भीती वाटली. लाल्याच्या कानावर हळद दाबत तो एवढंच म्हणाला, "मी आते काहीच बोलत नही, काकी. पण वावरमा औषध पडेल ऱ्हास."

फवारणीचं औषध भाकरीत कालवलं की कुत्र्याची संध्याकाळही होत नाही, हे तिला माहीत होतं.

तिच्या नवऱ्याने, भाईदासने, उनाड म्हशीला घालतात तसं बाभळीचं लोढणं काबऱ्याच्या गळ्यात अडकवलं. ओंडका पायांत येई, पळता येत नसे. भाईदासला वाटलं, मिटलं. पण काबऱ्या बांधला गेलाय हे गावातल्या कुत्र्यांनी लगेच ओळखलं. तिघांनी त्याला गव्हाणीशी घेरलं. धनुबाई काठी घेऊन धावली, तोवर त्याची मांडी फाटली होती. लोढणं निघालं, पण भीती आता काबऱ्याच्या आणि तिच्या, दोघांच्या अंगात शिरली.

त्यानंतर गुलाबसिंगच्या वस्तीवरचा निंब दिसला की ती दोरी मुठीला गुंडाळू लागली. एक वेढा, मग आणखी एक. दोरी ताणली की लाल्या दिसण्याआधीच काबऱ्या गुरगुरे. तो गुरगुरला की ती आणखी ओढी. तळहातावर वळ उठत.

एका दुपारी ती गवताचा भारा घेऊन परतत होती. गवत डोळ्यांपुढे लोंबत होतं. दोन्ही हात भाऱ्याला, दोरी कोपरावर सैल. पायाखालच्या धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. अंगणात भारा टाकला तेव्हा तिला कळलं, वस्ती मागेच गेली. थोड्या वेळाने गुलाबसिंगची बायको सुनिता ताक मागायला आली. लाल्या आज वाटेतच बसला होता आणि काबऱ्या त्याच्या शेजारून मुकाट गेला, असं तिने सहज सांगितलं. सुनिता गेली तरी धनुबाई ओट्यावर बसून आपल्या तळहातावरचे वळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी वावराकडे निघताना डोक्यावर भारा नव्हता. निंब दिसला आणि हात आपसूक दोरीकडे गेला. सारंगखेड्याच्या यात्रेत तिने बुजऱ्या घोड्यांना झापडं लावलेली पाहिली होती. तिने दोरी कोपरावर टाकली आणि डोक्यावरचा पदर ओढून थेट हनुवटीपर्यंत आणला.

खाटेवरून गुलाबसिंग हसला. "काकी, मन्हापुढे पदर? मी तुन्हा सासरा कवय व्हयनू?"

"तुन्हासाठे नही रे भाऊ, कुत्रासाठे शे," ती पदराआडून म्हणाली. "मन्ही भीती त्याले लागस."

गुलाबसिंगचं हसू थांबलं. डाव्या अंगाने लाल्याची गुरगुर आली, खोल, जवळची. दोरी कोपरावर हलली. तिची बोटं आखडत होती, ती पुन्हा उघडत होती. पदराखालून तिला स्वतःची पावलं, धूळ आणि काबऱ्याचा लंगडता मागचा पाय एवढंच दिसत होतं. तो पाय थांबला. तरी ती चालत राहिली.

मागे खाट करकरली. "लाल्या, आठे ये." मग साखळीची कडी वाजली.

काबऱ्याचा पाय पुन्हा चालू लागला.

उसाची सावली धुळीवर येईपर्यंत तिने पदर वर केला नाही. पुढे बिबट्याची भीती होती. पण ती जुनी होती, आणि त्या भीतीसाठी काबऱ्या सोबत होता.